थकलेल्या पगाराचं गाव

पगार थकला, म्हणून हे गाव वसलं. क्रुशिन्यानी त्याचं नाव. पोलंडच्या पार पूर्वेच्या कडेला, बेलारूसची सीमा अवघ्या काही किलोमीटरवर. वस्ती दीडशेच्या आसपास. एकच लांब रस्ता, दोन्ही अंगांना लाकडी घरं, मध्ये हिरव्या रंगाची लाकडी मशीद आणि तिच्या मागे पाइनच्या झाडांखाली दफनभूमी. रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासात गाव संपतं. मी तिथे तीनदा गेले आणि तिन्ही वेळा निघताना वाटलं, अजून नीट पाहिलंच नाही.

मी साताऱ्याकडची. नोकरीपायी सहा वर्षांपूर्वी वॉर्सात आले. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या भागात तातारांची गावं आहेत, येतेस का बघायला?" ती ब्याविस्तोक शहरातली. तातार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातलं चंगीझखानाचं घोडदळ आलं. पोलंड म्हणजे कॅथलिक चर्चं आणि पोपचे फोटो, एवढीच माझी तोवरची ओळख. या दोन गोष्टींची सांगड घालता येईना, म्हणून मी तिच्यासोबत निघाले.

ब्याविस्तोक सोडलं की लगेच क्निशिनचं अरण्य सुरू होतं. स्प्रूस आणि पाइनची उंच, सरळसोट झाडं. रस्ता त्यांच्यामधून चिरत गेलेला. मग झाडं एकदम मागे सरतात आणि बुटक्या टेकाडांचा मोकळा मुलूख लागतो. ही टेकाडं आपल्या सह्याद्रीसारखी आगीतून जन्मलेली नाहीत. उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्या वितळल्या तेव्हा त्यांनी वाहून आणलेली रेती, खडी आणि मोठमोठे धोंडे इथेच टाकून दिले, त्यांचे हे उंचवटे. नांगर घातला की धोंडा लागतो. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ते वेचले, बांधावर रचले, घरांच्या पायात घातले, रस्त्यांत बसवले. अशा गोट्यांच्या रस्त्याला पोलिश लोक 'मांजरांची डोकी' म्हणतात. त्यावरून गाडी जाताना दात वाजतात, आणि नाव किती चपखल आहे ते कळतं.

जमीन हलकी, रेताड. राय नावाचं धान्य आणि बटाटा यांच्यावर पिढ्या जगल्या. कृष्णाकाठची माती पाहत वाढलेल्या माणसाचा जीव ही माती हातात घेतल्यावर जरा हळहळतो. मुठीत धरली तर धरून राहत नाही.

वाटेत क्रिन्की लागतं. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. त्याच्या मधोमध षट्कोनी चौक आहे आणि त्यातून बारा रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पडतात. कधीकाळी इथे कातडी कमावण्याचा मोठा धंदा होता आणि निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. 1942च्या नोव्हेंबरात नाझींनी इथला घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, रिकामा केला. मोठ्या सिनेगॉगच्या दगडी भिंतींचे अवशेष गवतात उभे आहेत. मैत्रिणीने गाडी थांबवली, आम्ही पाच मिनिटं खाली उतरलो, बोललो काहीच नाही. क्रुशिन्यानीला जायचं तर क्रिन्कीवरूनच जावं, असं मला तेव्हापासून वाटतं. कोण राहिलं हे बघायच्या आधी कोण उरलं नाही, ते डोळ्यांखालून गेलेलं असतं.

तर पगाराची गोष्ट.

तातार या भागात आले ते 14व्या शतकाच्या अखेरीला. लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक विटोल्ड याने त्यांना जमिनी दिल्या, बदल्यात त्यांनी लढाईला घोडा आणि माणूस घेऊन यायचं. स्टेपच्या, म्हणजे पूर्वेकडच्या गवताळ मैदानांच्या, मुलुखातल्या भाऊबंदकीला कंटाळून आलेली काही घराणी, काही युद्धकैदी, असे ते इथे रुजले. 1410 साली ग्रुनवाल्डला जर्मन सरदारांच्या ट्युटॉनिक संघाचा पाडाव झाला, त्या लढाईत पोलंड-लिथुआनियाच्या बाजूने तातार स्वार होते. धर्म त्यांनी आपला ठेवला, चाकरी राजाची केली. लिथुआनियाच्या जुन्या तुर्की नावावरून त्यांना 'लिपका' म्हणतात.

अडीचशे वर्षं हे ठीक चाललं. 17व्या शतकात एकामागून एक युद्धांनी राज्य खिळखिळं झालं, तिजोरी रिकामी झाली, आणि तातार पथकांचा पगार वर्षानुवर्षं तुंबला. त्यात नव्या मशिदी बांधण्यावर आणि जुन्या हक्कांवर बंधनं येऊ लागली. 1672 साली तुर्की सुलतान पोलंडवर चालून आला, तेव्हा सरहद्दीवरची तातार पथकं सरळ त्याला जाऊन मिळाली. हे लिपकांचं बंड. गंमत बघा, सुलतानाच्या राज्यात धर्म एक होता, तरी यांचं मन तिथे लागलं नाही. सवयी वेगळ्या, मान वेगळा, आणि पोलंडमध्ये असलेली सरदारकीची मोकळीक तिथे नव्हती. थोड्याच वर्षांत बऱ्याच जणांना परत यावंसं वाटू लागलं.

तोवर पोलंडच्या गादीवर यान सोबिएस्की आला होता. त्याची निवड झाली 1674च्या मे महिन्यात. जूनमध्ये इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला. ही तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हा मी फोन बाजूला ठेवून काही वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. दोन्हीकडे नवे राजे, दोन्हीकडे सैन्याच्या पोटाचा प्रश्न. महाराजांनी रोख पगाराचा आग्रह धरला, जमिनी तोडून द्यायचं टाळलं, कारण वतन दिलं की माणूस राजापेक्षा वतनाला चिकटतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. सोबिएस्कीकडे रोख नव्हतीच. त्याच्याकडे युद्धांनी उजाड झालेली जमीन मात्र होती, ग्रोद्नोच्या राजमालमत्तेतली. 12 मार्च 1679 रोजी त्याने सनद दिली आणि थकलेल्या पगारापोटी क्रुशिन्यानी आणि शेजारची जमीन सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की या अधिकाऱ्याला आणि त्याच्या सैनिकांना मिळाली. बोहोनिकी आणि आसपासची गावं दुसऱ्या पथकांना मिळाली.

माणूस वतनाला चिकटतो, हे महाराजांचं निदान अगदी बरोबर होतं. क्रुशिन्यानीत ते साडेतीनशे वर्षं दिसतंय. इथे मात्र ते चिकटणं राजाच्या कामी आलं. सनदेनंतर चारच वर्षांनी, 1683च्या सप्टेंबरात, व्हिएन्नाच्या वेढ्यावर सोबिएस्कीची फौज चालून गेली. तिच्यात हे तातार होते आणि समोर सुलतानाच्या बाजूला क्रिमियाचे तातारही होते. चेहरे सारखे, घोडे सारखे. आपल्यांना ओळखता यावं म्हणून सोबिएस्कीच्या तातारांनी टोप्यांत गवताच्या काड्या खोचल्या, असं अजून सांगतात. त्यानंतर महिनाभरात पार्कानीच्या लढाईत क्शेचोव्स्कीने राजाचा जीव वाचवला आणि पुढे राजा त्याला भेटायला क्रुशिन्यानीत येऊन लिंडेनच्या झाडांखाली बसला, अशीही कथा आहे. गावातली जुनी लिंडेनची झाडं दाखवून ती सांगतात. ज्याच्या दारात राजा आला तो त्या मुलुखातला उपरा राहत नाही, म्हणून ही कथा टिकली असावी.

मशिदीपाशी पहिल्यांदा पोचलो तेव्हा मी मैत्रिणीला विचारलं, "हे चर्च ना? मशीद कुठाय?" चूक माझी नव्हती. आडव्या फळ्यांच्या भिंती, पुढे दोन चौकोनी मनोरे, त्यांवर छोटे घुमट, सगळं हिरव्या रंगात. इथल्या खेड्यांतली लाकडी चर्चं अशीच दिसतात. मशीद बांधली ती इथल्याच ख्रिस्ती सुतारांनी. त्यांना जे बांधता येत होतं ते त्यांनी बांधलं आणि वर क्रॉसच्या जागी चंद्रकोर बसवली. सुताराचा हात धर्म बदलत नाही. आपल्याकडेही कोरीवकाम बघून गवंडी कुठला ते कळतं, बांधलं काय ते नंतर.

दारात बूट काढायचे. ऑक्टोबरातली थंडी होती, मोज्यांतून फरशी गार लागेल म्हणून मी अंग चोरून पाय टाकला, तर आत गालिच्यावर गालिचा अंथरलेला. जुन्या लाकडाचा वास, बहुधा त्यात थोडं मेण. दोन दालनं. मोठं पुरुषांचं, लहान बायकांचं, आणि मधल्या लाकडी भिंतीत एक आडवी लांब फट, तिच्यावर पातळ पडदा. बायकांनी तिथून ऐकायचं. मी त्या फटीशी उभी राहून पलीकडे बघितलं. मक्केच्या दिशेचा कोनाडा, शेजारी लाकडी पायऱ्यांचं व्यासपीठ. भिंतींवर चौकटीत लावलेली आयतांची चित्रं आणि भरतकाम, त्यांना इथे 'मुहिर' म्हणतात. एका मुहिरचं भरतकाम जवळून बघितलं. काळ्या मखमलीवर सोनेरी धाग्याचे टाके, आणि एका अक्षराच्या शेपटाशी धागा संपल्यामुळे दुसऱ्या, किंचित फिक्या धाग्याने पुरं केलेलं. कुण्या बाईने दिव्याच्या उजेडात बसून ते केलं असेल. तो रंग बदललेला टाका माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

माहिती सांगणारा माणूस तातार होता, पोलिशमध्ये बोलत होता. अधूनमधून नमाज, किताब, कुर्बान असे शब्द येत, आणि माझ्या कानांना एकदम घरचं काही ऐकल्यासारखं होई. मी हसले तेव्हा त्याने थांबून विचारलं, काय झालं? म्हटलं, हे शब्द आमच्याकडेही आहेत. त्याला फार आनंद झाला. त्याने मला आणखी एक शब्द दिला: 'सादोगा'. सणाच्या नमाजानंतर मशिदीबाहेर सगळ्यांना, आधी पोरांना, मिठाई आणि केक वाटतात, त्याला सादोगा. मूळ तोच, आपला सदका. ताताराच्या तोंडी, पोलिशच्या पोटात, तो असा गोल होऊन बसलाय.

या लोकांची तातार भाषा कधीच गेली. सगळे सांगतात त्याप्रमाणे 16व्या शतकापासूनच ती मिटत गेली. इथल्या मुलींशी लग्नं झाली, घरात आजूबाजूच्या बोली आल्या. पण प्रार्थना आणि धर्माचा अर्थ पुढच्या पिढीला सांगायचा तर आहे. मग त्यांनी पोलिश आणि बेलारुशी भाषा अरबी लिपीत लिहायला सुरुवात केली. हाताने लिहिलेले हे ग्रंथ म्हणजे 'किताब', आणि प्रार्थनांच्या लहान पोथ्या 'हमाईल'. त्या भाषांतल्या काही आवाजांना अरबीत अक्षर नाही, म्हणून त्यांनी टिंबं वाढवून नवी अक्षरं घडवली. कातडी बांधणी, उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ, आणि वाचलं तर शेजारच्या शेतकऱ्याचीच भाषा.

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. त्यात पणजोबांच्या आधीची मोडीतली कागदपत्रं. भाषा मराठी, माझीच. पण त्यातली एक ओळ मला वाचता येत नाही. बाबांनाही येत नव्हती. आजोबा कागद उजेडात धरून थोडं थोडं लावायचे, "हे बघ, इथे चावर लिहिलंय, इथे आपलं आडनाव." चावर म्हणजे जमिनीचं जुनं माप. क्रुशिन्यानीत काचेखालचा हमाईल बघताना मला ती पेटी आठवली. फरक एवढाच की तातारांकडे लिपी राहिली आणि भाषा गेली, आमच्याकडे भाषा राहिली आणि लिपी गेली. दोघांच्याही हातात कागद उरला आणि तो जपायचा हे कळलं. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा पेटी खाली काढून कागद उन्हात घातले. गेल्या वर्षापासून ऑनलाइन मोडी शिकतेय. अजून चाचपडते, पण 'चावर' आता मलाही लागतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला संत अॅनाचं ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचं, चर्च आहे. आज गावात जास्त वस्ती ऑर्थोडॉक्स लोकांचीच, तातारांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कॅथलिकही आहेत. नाताळ दोन, कॅथलिकांचा डिसेंबरात आणि ऑर्थोडॉक्सांचा जानेवारीत, आणि त्यात फिरत येणारी ईद, तिला इथे 'बायराम' म्हणतात. मी ज्यांच्याकडे राहिले त्या ऑर्थोडॉक्स आजींनी सांगितलं की लहानपणी त्या तिन्हीकडची मिठाई खायच्या आणि ज्या घरात सण नसेल त्या घराने त्या दिवशी सण असलेल्यांची जनावरं बघायची. "गाई कुठे सण पाळतात?" आजी म्हणाल्या. "त्यांना चारा वेळेवर लागतो." मला वाटतं शेजारधर्माचं याहून नेमकं वर्णन मी कुठे ऐकलेलं नाही.

आडनावं ऐकायला फार गोड लागतात. मुस्लिम नावाला स्लाव्ह शेपूट जोडलेलं. सलीमच्या, मुस्तफाच्या पुढे येणारं '-ओविच', '-एविच'. फोनच्या यादीत ही नावं वाचली तर माणूस पोलिश आहे की तातार असा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर "दोन्ही" असं ते जराही न अडखळता देतात.

मधल्या काळावरून मी भरभर जातेय, कारण तो पोलंडच्या प्रत्येक गावाचा सारखाच आहे. शेजारच्या साम्राज्यांनी पोलंडच्या फाळण्या केल्या, 1795 ते 1918 पोलंड नकाशावर नव्हता, गाव पुढे रशियाच्या झारकडे गेलं. मग पुन्हा पोलंड. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या मधली वीस वर्षं तातारांची बहराची. 1925 साली विल्नोमध्ये (आजचं विल्निअस) मुस्लिम धार्मिक संघ स्थापन झाला, याकुब शिन्क्येविच मुफ्ती झाले, 1936 साली संसदेने कायदा करून त्या संघाला मान्यता दिली. घोडदळाच्या एका रेजिमेंटमध्ये तातारांची स्वतंत्र तुकडी होती. देशात सतरा मशिदी होत्या.

मग 1939 साली एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत फौजा आल्या. क्रुशिन्यानी सोव्हिएतांकडे गेलं, 1941 साली जर्मनांकडे, 1944 साली पुन्हा सोव्हिएत आले. युद्ध संपताना सीमा पश्चिमेकडे सरकवली गेली. विल्नो लिथुआनियात, ग्रोद्नो बेलारूसमध्ये, दोन्ही सोव्हिएत संघात. क्रुशिन्यानीच्या पूर्वेला श्विसवोच नदी वाहते, ती काही अंतर सीमा झाली. सतरांपैकी दोनच मशिदी पोलंडमध्ये उरल्या: क्रुशिन्यानीची आणि बोहोनिकीची. नकाशावर कुणीतरी पेन्सिल फिरवली आणि एका समाजाचं केंद्र, शाळा, नातेवाईक, दफनभूम्या पलीकडे गेल्या. पलीकडून जे अलीकडे आले त्यांना जर्मनीकडून मिळालेल्या पश्चिमेच्या शहरांत वसवलं गेलं, शेकडो किलोमीटर लांब. नंतर त्यातले बरेच हळूहळू पूर्वेला सरकले. ब्याविस्तोकला घरं घेतली. कारण विचारलं तर सांगतात, मिझार इकडे आहे.

मिझार म्हणजे दफनभूमी.

मशिदीच्या मागे थोडं चढून जावं लागतं. रेताड टेकाड, त्यावर पाइन, खाली सुया आणि शेवाळ. सुरुवातीला नव्या कबरी: काळा चकचकीत ग्रॅनाइट, चंद्रकोर, पोलिश नाव, चिनीमातीच्या तबकडीवर फोटो, कृत्रिम फुलं. शेजारच्या कॅथलिक स्मशानात दिसतात तशाच. जसजसं आत जावं तसतसा दगड ओबडधोबड होतो. मग नुसते धोंडे. डोक्याशी मोठा, पायाशी लहान. शेतातून वेचलेले तेच हिमनदीचे धोंडे. काहींवर अरबी, काहींवर पोलिश, काहींवर रशियन लिपी. एकाच दगडावर दोन लिप्याही. सगळ्यात जुनी तारीख 1699. सनद मिळून वीस वर्षं झाली होती तेव्हा. म्हणजे हा माणूस पगाराऐवजी जमीन घेऊन आलेल्या पहिल्या पिढीतला असणार. आला असेल तेव्हा घोड्यावर, शस्त्रासकट, कदाचित सुलतानाच्या बाजूने एकदा लढून परत.

आपल्याकडे गावाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. वस्तीची राख, शेण, चुना मुरून मुरून माती पांढरट होते, म्हणून पांढरी. वस्ती किती जुनी ते मातीच सांगते. क्रुशिन्यानीत ते काम दगडांनी केलंय. शेतातला धोंडा नांगराला आडवा येतो म्हणून उचलायचा, आणि बाप गेला की तोच त्याच्या उशाशी रोवायचा.

2012 साली इथली मशीद आणि मिझार, बोहोनिकीच्या मशीद-मिझारसकट, राष्ट्रपतींच्या आदेशाने 'इतिहासाचं स्मारक' म्हणून घोषित झाली. पोलंडमधला हा सर्वोच्च दर्जा. दोनच वर्षांनी, 2014च्या जूनमध्ये, रात्री कुणीतरी येऊन त्याच मशिदीच्या भिंतीवर डुकराचं चित्र फासलं आणि थडगी रंगवून विद्रूप केली. ज्यांच्या पूर्वजांनी व्हिएन्नापाशी याच देशासाठी घोडे घातले त्यांच्या दगडांवर. हे सांगताना त्या माहिती देणाऱ्या माणसाचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "धुतलं. गावातले सगळे आले होते धुवायला." मला मात्र राग आला होता आणि अजून येतो.

जेवायचं राहिलं. गावात एका तातार कुटुंबाचं खानावळवजा घर आहे, देशभरातून लोक तिथे येतात. 2010 साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्ससुद्धा येऊन गेले. 2018 साली ते लाकडी घर जळून खाक झालं. अनोळखी लोकांनी पैसे पाठवले आणि ते पुन्हा उभं राहिलं. तिथे मी पहिल्यांदा पिएरेकाचेव्हनिक बघितलं. उच्चार करताना जीभ अडखळते, पण खाताना नाही. पीठ इतकं पातळ लाटायचं की खालच्या टेबलाचं लाकूड दिसावं. असे सहा थर, प्रत्येकावर लोणी, आत मांस किंवा गोड चीज आणि मनुके. मग सगळ्याची लांब गुंडाळी करून गोगलगायीसारखी वेटोळी घालायची आणि गोल भांड्यात भाजायची. कापल्यावर थर असे सुटतात की आईच्या चिरोट्याची आठवण यावी. 2009 साली युरोपीय संघाने हा पदार्थ पारंपरिक म्हणून नोंदवून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या तातार बाईने मला खाताना पाहिलं आणि न विचारता स्वतःच्या ताटलीतला तुकडा माझ्या ताटलीत सरकवला. "गोड वेगळं लागतं, बघ." या एका हालचालीत मला सगळ्या आत्या-मावश्या भेटल्या.

दुसऱ्या वेळी मी जायचं ठरवलं ते 2021च्या शरदात, पण जाता आलं नाही. बेलारूसच्या बाजूने हजारो निर्वासित सीमेवर आणून सोडले जात होते: इराकी, सीरियन, अफगाण. पोलंड त्यांना आत घेत नव्हता, बेलारूस परत घेत नव्हता. 2 सप्टेंबरपासून सीमेलगतच्या 183 गावांत आणीबाणी लागली, बाहेरच्या माणसाला प्रवेश बंद. क्रुशिन्यानी त्यात होतं. पाहुणे नाहीत, खानावळ बंद, रस्त्यावर फक्त लष्करी गाड्या. आजी फोनवर म्हणाल्या, "रात्री कुत्री भुंकतात आणि आम्ही जागे राहतो."

अरण्यात दलदल आहे, रात्री तापमान शून्याखाली जातं. माणसं मेली. मेलेल्यांतले बरेच मुसलमान होते आणि त्यांना पुरायला जागा हवी होती. बोहोनिकीच्या तातारांनी आपला मिझार उघडला. 15 नोव्हेंबरला तिथे एकोणीस वर्षांच्या एका सीरियन मुलाला पुरलं. तो सीमेवरच्या नदीत बुडाला होता. त्याच्या घरच्यांनी फोनच्या पडद्यावर दफन पाहिलं. आठ दिवसांनी एक न जन्मलेलं बाळ तिथेच पुरलं. दफनाला आले ते गावातले मोजके तातार, ज्यांना मुलाची भाषा येत नव्हती, आणि त्यांचे ख्रिस्ती शेजारी. गावातल्या बायका सूप शिजवून सीमेवरच्या सैनिकांना पाठवत होत्या, त्याच आठवड्यात, त्याच चुलीवर. जे अरण्यात सापडत त्यांच्यासाठी कपडे आणि अन्नही जमा करत होत्या. सैनिक आपले, आणि मेलेला मुलगाही आपला. त्या बायकांनी यातलं एक निवडायला नकार दिला. मी वॉर्साच्या फ्लॅटमध्ये बसून ती बातमी वाचली आणि रडले.

2022च्या जूनमध्ये साडेपाच मीटर उंचीचं, 186 किलोमीटर लांब पोलादी कुंपण पुरं झालं. जुलैपासून रस्ते खुले झाले. मी ऑगस्टात गेले, तेव्हा आधी बोहोनिकीला. नव्या कबरी मिझारच्या कडेला आहेत. साध्या मातीच्या ढिगांभोवती शेतातले लहान धोंडे लावलेले. डोक्याशी एक धोंडा, पायाशी एक. 1699 साली लावत तसेच.

शेवटचं गेले ते गेल्या सप्टेंबरात, क्रुशिन्यानीला. दुपारी मिझारवर एक वयस्क तातार बाई नवऱ्याच्या दगडावरचं शेवाळ ब्रशने काढत होत्या. शेजारी पाण्याची बादली. मी बादली भरून आणून दिली, मग बोलणं झालं. त्या ब्याविस्तोकला राहतात, दर महिन्याला येतात. स्वतःची जागाही ठरलेली, त्यांनी हाताने दाखवली, नवऱ्याच्या डावीकडे, जिथे आत्ता ब्लूबेरीची झुडपं होती.

"तुमचे कुठे आहेत, पानी?" त्यांनी विचारलं. पोलिशमध्ये बाईला आदराने असंच म्हणतात.

मी सांगितलं, आमच्यात जाळतात. बाबांची राख माहुलीला, जिथे दोन नद्या मिळतात तिथे सोडली.

त्या ब्रश थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी काळजीने म्हणाल्या, "मग भेटायला कुठे जाता?"

मी त्यांना कावळ्याचं सांगितलं. वर्षातून एकदा, याच दिवसांत, त्यांच्या आवडीचं रांधायचं, पान बाहेर ठेवायचं आणि वाट बघायची. बाबांना अळूवडी आवडायची. कावळा शिवला की समजायचं, आले आणि जेवले. आणि तो येत नसेल तर काही राहून गेलं असेल, ते आठवून मोठ्याने कबूल करायचं. इथे वॉर्सात मी बाल्कनीत पान ठेवते, राखाडी अंगाचे इथले कावळे येतात.

"येतात?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी येतात."

त्यांनी मान हलवली, जणू एखादी व्यवस्था तपासून ती ठीक आहे असं सांगावं तशी. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं काढली, एक मला दिलं, एक स्वतः घेतलं. आम्ही उभ्यानेच खाल्लं. बादलीतलं उरलेलं पाणी त्यांनी पायाशी असलेल्या लहान धोंड्यावर हळूहळू ओतलं आणि हाताच्या तळव्याने तो पुसला.